भिंगरीचा तास

ज्यांनी हयातभर शाळेच्या मैदानावर पोरांना एका रांगेत उभं केलं, त्या शिट्टीसरांना स्वतःच्या घरात एका पिल्लाला एका जागी बसवता येईना, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. गाव छोटं नव्हतं, पण निम्मं गाव सरांच्या हाताखालून गेलेलं होतं, आणि सरांचा हात कसा होता हे त्या निम्म्या गावाच्या पाठीला आणि कानाला अजून आठवत होतं. अशा माणसाची फजिती ऐकायला कोणाला आवडणार नाही?

पिल्लू खरं म्हणजे मुलीचं. तिला कंपनीने अचानक दूरच्या शहरात पाठवलं, आणि तिथल्या घरमालकाला माणसंसुद्धा नाइलाजानेच चालत होती. मुलगी टोपली घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, माझी नीट सोय होईपर्यंतच. तुम्ही एवढी वांड पोरं सरळ केलीत, हे तर एवढंसं आहे." असं म्हणून तिने ओंजळ करून दाखवली. मुलीने लहानपणापासून बापाची नस बरोबर ओळखलेली होती. सर म्हणाले, "ठेव."

सरांनी हजेरीत शोभतील अशी दोन-तीन भारदस्त नावं मनात तयार ठेवली होती. पण पिल्लू टोपलीतून उतरलं, आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरलं, फिरता फिरता टीपॉयवरचा कप पाडला, सांडलेला चहा चाटला आणि चहाची तरतरी आल्यासारखं उलट्या दिशेने फिरायला लागलं. "अगं बाई, ही तर भिंगरी!" असं सरांची बायको म्हणाली, आणि नाव पडलं. सरांच्या बायकोला सगळी सोसायटी वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पोस्टात काउंटरवर होत्या आणि त्यांची नोकरी अजून शिल्लक होती. म्हणजे सकाळी त्या गेल्या की घरात निवृत्त सर आणि नुकतीच रुजू झालेली भिंगरी, असा सामना.

सुरुवातीला भिंगरीने जे जे केलं त्याला सर "चौकस वृत्ती" म्हणाले. तिने सरांच्या बुटांची चौकशी केली. फक्त डाव्या. उजव्या पायाच्या बुटाला तिने कधी दात लावला नाही, तेवढी एक शिस्त होती म्हणायची. मग तिने सोफ्याच्या पोटात काय आहे ते पाहिलं. मग टीव्हीच्या रिमोटमध्ये काय आहे ते पाहिलं. आणि रोज संध्याकाळी तिच्या अंगात यायचं. कान मागे टाकून ती हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बेडरूममध्ये, पलंगावरून उडी मारून परत हॉलमध्ये, अशी सुसाट सुटायची. वळणावर नखं फरशीवर घसरायची आणि पाठचा भाग कपाटावर आपटायचा. सर मध्ये उभे राहून "थांब!" म्हणायचे. त्यांच्या या एका शब्दाने एकेकाळी अख्खी शाळा थांबत असे. भिंगरी त्यांच्या दोन पायांच्या मधून जायची.

सल्ले तर न मागता यायला लागले. समोरच्या ब्लॉकमधल्या विमावाल्याने सांगितलं, "सर, भिंतीला खाली आरसा लावा. स्वतःचा अवतार बघून कुत्रं लाजतं." सरांनी आरसा लावला. भिंगरी लाजली नाही. तिला वाटलं, जोडीदार मिळाला. त्या संध्याकाळी घरात दोन कुत्र्या पळत असल्याचा भास होत होता. औषधवाल्याने मंद संगीत लावायला सांगितलं. संगीताने सरांना झोप लागली, तेवढ्या वेळात भिंगरीने स्पीकरची जाळी काढून आत कोण गातंय ते पाहिलं.

शेवटी सर आपल्या शास्त्राकडे वळले. "अगं, यात काही गूढ नाही," ते वहिनींना म्हणाले. "अंगात रग आहे. रग असते ती मैदानावर जिरवायची असते. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?"

"तेव्हा पोरं पळायची आणि तुम्ही उभे असायचात," वहिनी म्हणाल्या. पण पोस्टाची वेळ झाली होती, त्यामुळे हा मुद्दा तिथेच राहिला.

सर पहाटे उठायला लागले. कपाटातून जुनी शिट्टी निघाली, गळ्यात अडकली. मैदानावर भिंगरीची दोरी हाताला गुंडाळायची, शिट्टी फुंकायची आणि पळायचं. शिट्टी वाजली की पळायचं, हे भिंगरी अवघ्या एका सकाळीत शिकली. सरांना कृतकृत्य वाटलं. शिट्टी वाजली की थांबायचं, हेही शिकवायचं होतं, पण ते शिकवायला लागणारा श्वास सरांकडे कधी उरलाच नाही.

काही दिवसांतच रग जिरली. सरांची. दाढी करता करता त्यांना डुलकी लागायला लागली. गुडघे जिना उतरताना बोलायला लागले. भिंगरी मात्र मैदानावरून आली की पाणी प्यायची, अंग झाडायची आणि "आता पुढे काय?" अशा चेहऱ्याने उभी राहायची. तिच्या छातीला आकार आला, मांड्या भरल्या. पूर्वी पलंगावर चढायला तिला दोन प्रयत्न लागत. आता ती पलंगाला पायही न लावता पलीकडे जाऊ लागली. सरांनी पळण्याचं अंतर वाढवलं. भिंगरीने वेग वाढवला.

वहिनी एके दिवशी म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिला दमवताय की स्पर्धेसाठी तयार करताय?"

आणि याच सुमारास गणिताच्या बाई वर आल्या.

गणिताच्या बाई म्हणजे सरांच्याच शाळेतल्या, आता त्याही निवृत्त, आणि नशिबाने सरांच्याच खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. दोघांमध्ये भांडण असं कधी झालं नव्हतं, पण एक जखम होती. सरांच्या साऱ्या नोकरीत बाई वर्गाच्या दारात येऊन विचारायच्या, "सर, आज पीटीचा तास मी घेऊ का? वर्तुळ राहिलंय." मुख्याध्यापक मान डोलवायचे, पोरं कळवळायची, आणि सर रिकाम्या मैदानावर शिट्टी गळ्यात घालून कावळे बघत बसायचे. ते वर्तुळ बाईंकडून कधी पूर्ण झालंच नाही, असं सरांचं ठाम मत होतं.

बाई दारातच उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या घरात नेमकं काय आहे?"

"पिल्लू."

"किती पायांचं?"

"चार."

"मला किमान बारा ऐकू येतात," बाई म्हणाल्या. "माझा पंखा हलतो. चालू नसताना. आज माझ्या चहात छताचा पोपडा पडला. माझी पीएचडी करणारी भाची राहायला आली होती, ती परत होस्टेलवर गेली. तिथे शांतता आहे म्हणाली. होस्टेलवर!"

सर म्हणाले, "वाढत्या अंगाला व्यायाम लागतो बाई. पण तुम्हाला व्यायामाचं महत्त्व कधी पटलेलं नाही."

बोलून गेल्यावर सरांना बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. बाई खाली गेल्या त्या थेट सेक्रेटरीकडे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे "नियम बघावे लागतील" हे वाक्य सोडून दुसरं न बोलणारा माणूस. त्यांनी नियम बघितले आणि सरांना बोलावून घेतलं. कुत्रा पाळायचा तर पालिकेचा परवाना हवा. तो सरांकडे नव्हता. शिवाय तक्रार लेखी होती, त्यामुळे विषय सर्वसाधारण सभेत येणार होता.

"आणि सभेत काय ठरेल?" सरांनी विचारलं.

"ते सभेत ठरेल," सेक्रेटरी म्हणाले. मग जरा खाली बघून, "सर, मी तुमचा विद्यार्थी आहे. पण सभासदांचं म्हणणं आहे की कुत्रं एकतर शांत हवं, नाहीतर दुसरीकडे हवं."

पालिकेत सर एकटे गेले. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कुत्रा आणलाय?"

"कुत्री आहे. घरी आहे."

"मग ती आहे हे कशावरून?"

सरांनी पँटचा फाटलेला काठ दाखवला. कारकुनाने तो पुरावा मानला नाही. जनावर समक्ष दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही, असं त्याने काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट करून सांगितलं. कागदावर कार्यालयाची जेवणाची सुट्टी लिहिलेली होती, पण बोट ठाम होतं.

दुसऱ्या दिवशी सर भिंगरीला घेऊन निघाले. छान भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, हाताला दोरीचे दोन वेढे. भिंगरीही त्या दिवशी विलक्षण शहाण्यासारखी चालत होती. बाजारातला मोठा चौक आला. दिवा लाल होता, सर थांबले, भिंगरी थांबली. सरांना वाटलं, आत्ता बाईंनी बघायला हवं होतं.

तेवढ्यात चौकाच्या मध्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने एका टेम्पोला थांबवण्यासाठी शिट्टी वाजवली.

टेम्पो थांबला. भिंगरी सुटली. तिला शिकवलेलंच होतं तसं. मागून सर, सरांच्या मागून त्यांची एक चप्पल. पोलिसाला वाटलं, कोणीतरी सिग्नल तोडतोय, म्हणून त्याने आणखी जोरात शिट्टी वाजवली. भिंगरीला वाटलं, आपल्याला उत्तेजन मिळतंय. चौकाला वळसा घालून ती पुन्हा चौकात आली. तिसऱ्या शिट्टीला एका भाजीच्या हातगाडीपाशी दोरी अडकली, भिंगरी एकीकडे आणि सर दुसरीकडे झाले, आणि सरांच्या कंबरेत असा काही आवाज आला की शेजारचा भाजीवाला म्हणाला, "काय मोडलं?"

पोलीस धावत आला. सरांना बघून त्याची बोटं आपोआप पँटच्या शिलाईला लागली. "सर, तुम्ही?"

"शिट्टी... बंद... कर," सर जमिनीवरून म्हणाले.

"सर, सिग्नल लाल होता," पोलीस चाचरत म्हणाला. "म्हणजे तसं काही नाही. पण मी तीनदा शिट्टी मारली, सर, आणि तुम्ही थांबला नाहीत. शिट्टी ऐकून थांबलो नाही तर तुम्ही आम्हाला..." पुढची आठवण त्याने गिळली. सरांना उचलून गाडीत घालायला चार माणसं पुढे झाली. चारही विद्यार्थी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं सरांना वाटलं. भिंगरी सरांच्या छातीवर बसून त्यांचं नाक चाटत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे, स्नायू दुखावलाय. जमिनीवर सतरंजी घालून सपाट पडून राहायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. तिकडे वहिनी रजा टाकून भिंगरीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आल्या.

"तिला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पण डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. या वयात हाडं कोवळी असतात, एवढं पळवायचं नसतं म्हणाल्या. आणि जितकं पळवाल तितका दम वाढतो. घरात आयता धावपटू तयार केलात म्हणाल्या."

 कोवळी हाडं, हे शब्द सरांना कंबरेपेक्षा जास्त लागले.

"मग करायचं काय?"

"पळवून दमत नाही ती. तिचं डोकं दमवा म्हणाल्या."

"डोकं!" सर म्हणाले. "ते माझं खातं नव्हे."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला सगळं कळलेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, जमत नसेल तर राहू दे. माझ्या मैत्रिणीचं शेत आहे, ती ठेवून घ्यायला तयार आहे. सभेत नाही म्हणण्याआधी आपणच..." सर म्हणाले, "बघू." एरवी "जमत नसेल" या शब्दांवर त्यांनी मुलीला अर्धा तास ऐकवलं असतं.

वहिनींची रजा संपली. त्या सकाळी सरांच्या उशाशी पाणी, बिस्किटांचा डबा आणि कंबरेखाली शेकाची पिशवी ठेवून, दार नुसतं लोटून गेल्या. आणि पुढचा प्रकार सुरू झाला. मैदान बंद, पळणं बंद, आणि सर तर आयते तोंडाच्या उंचीवर पडलेले. भिंगरीने आधी सरांचा मोजा काढून नेला. मग ती दुसऱ्या मोज्यासाठी आली. सरांनी "ए!" म्हणून बघितलं, पण त्या एका अक्षराने कंबरेत वीज चमकली. मग तिने शेकाच्या पिशवीचं टोक धरलं आणि ओढलं. पिशवी फुटली. कोमट पाणी सतरंजीभर झालं. भिंगरीला हा खेळ भलताच आवडला, आणि त्या आनंदात ती हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम अशी फेऱ्या मारायला लागली.

दार उघडलं आणि गणिताच्या बाई आत आल्या. त्या फाडफाड बोलायलाच आल्या होत्या, पण समोरचं दृश्य बघून थांबल्या.

"सर, हे काय?"

"पाणी," सर म्हणाले.

"ते दिसतंय."

भिंगरीने बाईंकडे झेप घेतली. आता काय होणार म्हणून सरांनी डोळे मिटले. किंकाळी ऐकू आली नाही, म्हणून उघडले. वर्गात गोंधळ झाला की बाईंची एक जुनी पद्धत होती. ओरडायचं नाही, हाताची घडी घालायची आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. बाई नेमक्या तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. भिंगरीने एक उडी मारली, दुसरी मारली. कोणी बघतच नाही म्हटल्यावर तिला चमत्कारिक वाटलं, आणि ती चक्क खाली बसली. त्या क्षणी बाई वळल्या, डब्यातून बिस्किटाचा तुकडा काढला आणि तिला दिला.

"डोकं आहे हिला," बाई म्हणाल्या.

सरांनी खिन्नपणे सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, तेच दमवा."

बाईंच्या डोळ्यांत असा काही उजेड आला की सरांना धास्ती वाटली. अपूर्णांक न येणारा नवा वर्ग समोर आला की त्या अशाच दिसायच्या. त्यांनी स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणल्या, एकीखाली बिस्किट ठेवलं आणि तिन्ही पालथ्या घातल्या. "शोध," त्या म्हणाल्या. भिंगरीने तिन्ही वाट्या उडवल्या. बाईंनी न रागावता पुन्हा मांडल्या. वाटी उडवली तर बिस्किट बाईंच्या हातात जायचं. हुंगून नाक लावलं तर भिंगरीच्या तोंडात. हे गणित भिंगरीला हळूहळू उमगलं. ती थांबायला लागली. नाक चालायला लागलं, कपाळावर आठी पडली, जीभ बाहेर आली. मैदानाला कित्येक फेऱ्या मारून जिला कधी धाप लागली नाही, ती तीन वाट्यांसमोर धापा टाकायला लागली. आणि थोड्याच वेळात तिने एक जांभई दिली आणि तिथेच आडवी झाली.

घरात शांतता पसरली. ती इतकी अनोळखी होती की बाईंनी वाट्यासुद्धा आवाज न करता गोळा केल्या.

"उद्या येते," बाई उठता उठता म्हणाल्या. "भाग राहिलाय."

सर मनात म्हणाले, घेतला. माझा तास पुन्हा घेतला! पण दुपारी झोपेत सरकत सरकत भिंगरी त्यांच्याजवळ आली आणि नेमकी कंबरेला पाठ लावून पडली. शेकाची पिशवी गेली होती. ही पिशवी जास्त चांगली होती, गळत नव्हती आणि मध्येच थंड पडत नव्हती. सर बराच वेळ हलले नाहीत. मग हात लांबवून त्यांनी फोन ओढला आणि मुलीला कळवलं, "मैत्रिणीला शेतात दुसरं काहीतरी लावायला सांग."

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. वाट्या झाल्या, मग बिस्किटं मोज्यांत, चपलांमागे, पायपुसण्याखाली लपू लागली. पण सर नुसते पडून बघणाऱ्यांतले नव्हते. शिस्त हे त्यांचं खातं होतं. त्यांनी भिंगरीसाठी जुन्या चादरीची घडी घातली आणि पडल्या पडल्या तिला घडीवर बसवायला घेतलं. ओरडायची सोय नव्हती, त्यामुळे "बस" हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणावा लागला. गंमत म्हणजे हळू म्हटलेला शब्द ऐकायला भिंगरी जवळ यायची, कान टवकारायची आणि बसायची.

"बसली की शाब्बास म्हणा," बाई म्हणाल्या.

"ते अध्याहृत असतं."

"तिला व्याकरण येत नाही."

सरांनी प्रयत्न केला. पहिला शाब्बास घसा खाकरल्यासारखा निघाला. दुसरा जरा बरा आला. तिसऱ्याला भिंगरीची शेपटी अशी काही फिरली की सरांच्या तोंडून चौथा आपोआप निघून गेला, आणि तोही लाडिक, बारीक आवाजात. स्वयंपाकघरातून वहिनी हातात चमचा घेऊन बाहेर आल्या.

"कोणाला म्हणालात?"

"हिला."

"असं होय. मला वाटलं, मला."

सरांनी जरा वेळ छताकडे बघितलं. "आजची भाजी उत्तम झाली होती."

"आणि कालची?"

"कालचीही."

वहिनी आत गेल्या, पण त्यानंतर बराच वेळ भांडी विनाकारण वाजत होती.

सर उठून चालायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम परवान्याचं केलं. या वेळी चौक टाळून गाडीने गेले. निघण्याआधी बाईंनी भिंगरीची कठीण उजळणी घेतली होती. कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. भिंगरी सरांच्या हातात मुटकुळं करून झोपलेली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जिवंत आहे ना?" भिंगरीने एक डोळा उघडला. परवाना मिळाला.

मग सभेचा दिवस आला. इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. सर, वहिनी आणि चादरीच्या घडीवर भिंगरी. सर घडीचे कोपरे पुन्हा पुन्हा सरळ करत होते. आंतरशालेय स्पर्धेच्या रांगासुद्धा त्यांनी कधी इतक्यांदा सरळ केल्या नव्हत्या.

सेक्रेटरींनी सुरुवात केली. "विषय कुत्र्याचा. तक्रारदार बाई उपस्थित आहेत. बाई, मी असं ऐकतो की आता तुम्हाला त्रास नाही. तक्रार मागे घेता?"

"नाही," बाई म्हणाल्या.

सरांनी चमकून बघितलं. वहिनींनी त्यांचा दंड धरला.

"तक्रार बरोबर होती. बरोबर असलेली गोष्ट मी खोडत नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हाचं उत्तर तेव्हा बरोबर होतं. आता उदाहरणच बदललंय. नव्याने सोडवा."

सेक्रेटरींनी कपाळ पुसलं. "नियम बघावे लागतील. कुत्रं शांत आहे हे सभेला कसं कळणार? आत्ता शांत आहे, पण गडबड-गोंधळात?"

गोंधळ म्हणताच विमावाला उठला आणि म्हणाला, गोंधळाचंच बोलायचं तर आपल्या गाडीच्या जागेत रोज दुसऱ्याची गाडी असते. दुसरा उठला आणि म्हणाला, ती जागा मुळात तुमची नाहीच. तिसऱ्याने लिफ्टचा विषय काढला. चौथ्याला पाण्याची टाकी आठवली. बघता बघता सगळी सभा उभी राहिली. कोणी खुर्ची उचलली, कोणी कोणाची कॉलर धरली, एक आजोबा कोणाच्या बाजूने आहोत हे न ठरवताच काठी फिरवू लागले. खुर्च्या पडत होत्या, आणि एक खुर्ची तर भिंगरीच्या नाकापासून वीतभर अंतरावर आपटली.

सरांना राहवलं नाही. ते उठले, कंबरेची पर्वा न करता छाती भरून घेतली आणि गरजले, "सावधान!"

सगळी सभा जागच्या जागी ताठ उभी राहिली. विमावाल्याचा कॉलर धरलेला हात खाली येऊन मांडीला चिकटला. सेक्रेटरी टाचा जुळवून उभे होते. ज्यांनी सरांची शाळा कधी पाहिलीही नव्हती, तेही उभे राहिले. काठीवाले आजोबा तर सरांपेक्षा वयाने मोठे होते.

उभी राहिली नाही ती भिंगरी. ती घडीवर पडून, हनुवटी पंजांवर ठेवून, या मोठ्या माणसांकडे पाहत होती. तिला कोणी काही म्हटलेलं नव्हतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सेक्रेटरी, सिद्ध झालं?"

झालं होतं. ठराव मंजूर झाला. भिंगरीला राहू द्यावं, असं एकमताने ठरलं. त्या सभेत एकमताने ठरलेली ती एकच गोष्ट. सर खाली बसले, तेव्हा त्यांना बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हिचं डावं-उजवं अजून कच्चं आहे," आणि निघूनही गेल्या.

आता सर भिंगरीला पळवत नाहीत. फिरायला नेतात, आणि ती नेईल तिथे उभे राहतात. कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हुंगू द्या, त्यात तिचं डोकं चालतं. त्यामुळे सकाळी रस्त्यावर असं दृश्य दिसतं की दिव्याच्या एका खांबाच्या बुडाशी कुत्री नाक लावून उभी आहे आणि शेजारी सर, हात मागे बांधून, तितक्याच गांभीर्याने खांबाकडे बघतायत.

परवा असेच उभे असताना समोरून एक पोट सुटलेला गृहस्थ रमतगमत पळत आला. सरांना बघताच त्याने पोट आत घेतलं आणि गुडघे उंच उचलायला लागला. पण कुतूहल अनावर होऊन तो थांबलाच.

"सर, काही हरवलंय का?"

"नाही," सर म्हणाले. "अभ्यास चाललाय."

त्याने खांबाकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं. हसायची छाती होईना, आणि न विचारता निघून जायची सवय नव्हती. म्हणून तोही हात मागे बांधून खांबाकडे बघत उभा राहिला.  सरांनी त्याच्या पोटाकडे एक नजर टाकली.

"तू कशाला थांबलास? पळ!"

हा शब्द भिंगरीला कोणीही शिकवलेला नव्हता. पण हुशार विद्यार्थ्याला सगळंच शिकवावं लागत नाही. खांबाचा अभ्यास तिथेच सोडून ती सुटली, तिच्या मागे दोरी, दोरीच्या मागे सर. तो गृहस्थही पळाला, कारण सरांनी पळ म्हटल्यावर उभं राहण्याची त्याची शामत नव्हती. सकाळच्या त्या रस्त्याने तिघं पळत सुटले. त्यात पहिली कोण होती हे सांगायला नको. दुसरे सर होते. आणि तिसऱ्याने नंतर चार ठिकाणी शपथेवर सांगितलं, की सर पळता पळता, बारीक, लाडिक आवाजात "शाब्बास, शाब्बास" असं म्हणत होते, आणि ते आपल्यालाच म्हणत होते.